पांढरी सहा

आमच्या दुकानात आजार दोनच यायचे. एक 'बंद पडलं' आणि दुसरा 'उतरलं'. बंद पडलेल्याचं मला कधी टेन्शन आलं नाही. तार तुटली असेल, फ्यूज उडाला असेल, उंदरानं काही कुरतडलं असेल. शोधलं की सापडतं, जोडलं की चालतं. पण गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून म्हणालं, "मिस्त्री, टेप उतरला जी," की मी आधी दोन चहा सांगायचो. आता हे प्रकरण लांबणार हे ठरलेलंच. उतरला म्हणजे नेमकं काय? आवाज लहान झाला, चाल मंदावली, का सूर खाली गेला? त्या बिचाऱ्याला सांगता येत नाही. गाणारी बाई बुवासारखी वाटते, एवढंच त्याला कळतं.

यवतमाळला रेडिओ, टेप आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करण्यात माझी उमर गेली. संपादक म्हणाले, हमीदभाई, धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा. गमतीदारही आहेत, नाही असं नाही. उमरखेडचा एक बँडमास्तर होता, क्लॅरनेट वाजवायचा. नवीन सिनेमाचं गाणं कॅसेटवरून बसवायचं, पण त्या गाण्याचा सूर त्याच्या क्लॅरनेटला उंच पडत होता. मला म्हणाला, "गाणं जरासं खाली घ्या. पण चाल तेच ठेवा हो, वरातीत पोट्टे नाचले पाह्यजे." मी त्याला समजावून समजावून थकलो. अरे बाबा, टेपमध्ये सूर आणि चाल हे दोन बैल एकाच गाडीला जुंपलेले आहेत. फीत हळू फिरवली की सूर खाली येतो आणि गाणंही रांगायला लागतं. जोरात फिरवली की सूर चढतो आणि गाणं पळत सुटतं. एकाला धरून दुसऱ्याला सोडता येत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाला, "मंग तुमी मिस्त्री कायचे?"

राजूरच्या खाणीतला एक फिटर होता. त्याचा डेक उघडला की आतून कोळशाची भुकटी सांडायची आणि पट्टा घसरून गाणी रेंगाळायची. "खाणीत मी जाऊन राह्यलो आन् तोंड याचं काळं होऊन राह्यलं," म्हणायचा आणि स्वतःच खदाखदा हसायचा. अशा लोकांवर दुकान चाललं. कापूस बरा निघाला की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आम्हाला जेवायला फुरसत नसायची. घरात लग्न निघालं की आधी टेप घेतला जायचा, मांडव मागून.

मग ती वर्षं आली. बोंडांत अळी आली, भाव पडला, पाऊस आला तो नको तेव्हा आला. आमच्यासारख्यांचं शेत नसतं, पण जिल्ह्याचा श्वास कापसावर चालतो. तो अडकला की दुकानदाराच्याही छातीत कळ येते. मशीनं दुरुस्तीला यायची बंद झाली आणि ठेवायला यायला लागली. "ठेऊन घ्या भाऊ, घरी कोणी ऐकत नाही आता." मुकुटबनकडच्या एका भजनी मंडळानं ॲम्प्लिफायर भोंग्यासकट आणून टेबलावर ठेवला. मी विचारलं, "काय बिघडलं?" म्हणाले, "काई नाही बिघडलं. चांगला हाय. भजनाले बसणारेच नाही राह्यले." कुठं गेले, हे मी विचारलं नाही. त्या वर्षांत आमच्याकडे असले प्रश्न कोणी कोणाला विचारत नव्हतं. दुकानाच्या मागच्या भिंतीला चांगल्या मशीनांची रास लागली. मी सकाळी शटर वर करायचो, त्या राशीकडे पाठ करून बसायचो आणि संध्याकाळी शटर खाली ओढायचो.

असल्या दिवसांत मोहरीर साहेब आले. त्यांना सगळा गाव ओळखायचा, कारण ते सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, नुकतेच निवृत्त झालेले. ग्रेडरचं काम बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. गाडीतला मूठभर कापूस घ्यायचा, त्याचा पुंजका दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो, पिवळटपणा किती, कचरा किती ते पाहायचं आणि तिथल्या तिथं प्रत सांगायची. लोक त्यांच्याशी भांडायचे, आईबहिणीवरून बोलायचे, पण मोहरीर कापसाशी खोटं बोलत नाही, हे शिव्या देणाराही मान्य करायचा.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, आमचा रेडिओग्राम उतरलाय."

"काय उतरलं साहेब? आवाज का सूर?"

"ते मला कळत नाही. मला सुरातलं ओ का ठो कळत नाही. पण उतरलाय, हे नक्की."

"मंग तुमाले समजलं कसं?"

"आमच्या हिनं वाजवणं थांबवलं."

मला काही बोध झाला नाही. पिशवीत हत्यारं टाकली आणि त्यांच्या मागे गेलो.

घरात पुढच्याच खोलीत पलंगावर सुमतीबाई होत्या, साहेबांच्या पत्नी. त्यांना लकवा मारून गेला होता. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. मी त्यांना ओळखत होतो. इंग्रजी शाळेत संगीत शिकवायच्या, माझी पुतणी त्यांच्या हाताखाली होती. माहेर नागपूरचं, वडील रेल्वेत, तिथल्या नन लोकांनी त्यांना लहानपणी पियानो शिकवला. लग्न होऊन यवतमाळला आल्या तेव्हा पियानो कुठला? शाळेत होता तेवढाच. घरी होता हा रेडिओग्राम, कपाटाएवढा, वर झाकण उघडलं की आत रेकॉर्ड फिरायची तबकडी. बाईंची एक लाडकी रेकॉर्ड होती, परदेशातली. त्यात एक माणूस पियानो वाजवतो आणि मागे शंभरेक वाद्यांचा ताफा असतो. पियानो काहीतरी विचारतो, ताफा उत्तर देतो. कधी दोघं भांडतात, कधी मिटवतात. याला कॉन्चर्टो म्हणतात, हे मला साहेबांनी सांगितलं. बाई ती रेकॉर्ड लावायच्या आणि जेवणाच्या टेबलाच्या कडेवर दोन्ही हातांनी पियानो वाजवायच्या. आवाज रेकॉर्डचा, बोटं यांची. सगळा जन्म त्यांनी तो पियानो असा लाकडाच्या फळीवर वाजवला.

लकवा झाल्यावर साहेबांनी एक दिवस ती रेकॉर्ड लावली. मधला संथ भाग आला तशी पांघरुणावर पडलेल्या बाईंच्या डाव्या हाताची बोटं हलायला लागली. बरोबर ठेक्यात, एकामागून एक. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलेलंच होतं. पण साहेबांना ती बोटं म्हणजे सगळं होतं. बाईंचं बोलणं तेवढंच शिल्लक होतं म्हणा ना. रोज सकाळी चहा झाला की रेकॉर्ड लागायची आणि साहेब पलंगाशी खुर्ची ओढून त्या बोटांकडे बघत बसायचे.

"आता महिना होत आला, एक बोट हलवत नाही," साहेब म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे तिचा कान कसा आहे. गणपतीत आरतीची पेटी जरा बेसूर असली तर ही उठून बाहेर जायची. चुकीच्या सुरात ती मरेल, पण वाजवणार नाही. मशीन उतरलंय मिस्त्री. तेवढं बरोबर करून द्या."

मी झाकण उघडलं. माझ्याकडे कागदाची एक गोल चकती होती, तिच्या कडेनं काळ्या रेघा. ती फिरत्या तबकडीवर ठेवून ट्यूबलाईटखाली पाहायची. ट्यूब आपल्या डोळ्यांना दिसत नाही इतक्या जलद उघडझाप करते, त्यामुळे मशीन बरोबर फिरत असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. मागे सरकल्या तर मशीन हळू, पुढे सरकल्या तर जोरात. मिस्त्री लोकांचं हे देवाघरचं माप. मी चकती ठेवली. रेघा अशा उभ्या की खिळे ठोकून बसवल्यात.

"मशीन ठणठणीत हाय साहेब."

"पुन्हा पाहा."

पुन्हा पाहिलं. तेच. साहेब म्हणाले, अजून एकदा. मी चिडलो. माझा स्वभावच तसा. "साहेब, तुमच्या कापसाले मी कधी म्हणलो का, का पुन्हा ओढून पाहा?"

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "म्हणायचे की लोक. आणि मी पुन्हा ओढून पाहायचो. नमुन्याच्या कापसाशेजारी ठेवून पाहायचो." मग पलंगाकडे पाहून म्हणाले, "याचा नमुना नाही का काही? या रेकॉर्डचा सा पेटीवर पांढरी सहा, असं ती पोरांना सांगायची."

हे माझ्या टाळक्यात आधी यायला पाहिजे होतं. आमच्या अब्बांची पेटी घरी होती, जर्मन सुरांची, म्हणजे सहसा न उतरणारी. दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेलो, रेकॉर्ड लावली आणि पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, दाबली. या अल्लाह! पेटी आणि रेकॉर्ड एकमेकींच्या झिंज्या उपटायला लागल्या. एक पट्टी खाली, काळी चार दाबली, तर जरा जवळ आलं, पण तेही पुरतं नाही. सूर या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत होता. रेकॉर्ड खरोखरच उतरलेली होती. आणि माझी चकती छातीठोकपणे सांगत होती की सगळं बरोबर आहे.

मी तिथंच फरशीवर बसून डोकं खाजवलं. मग उजेड पडला. विजेलाही चाल असते. जोर कमी-जास्त होतो ते सगळ्यांना कळतं, बल्ब मिणमिणतो. पण तिचा ठेका असतो, तोही भार फार झाला की मंदावतो. त्या वर्षांत भार कायमच फार होता. दिवसातले कितीतरी तास लाईनच नसायची, आणि असायची तेव्हा दमलेली. या जुन्या रेडिओग्रामची मोटर विजेच्या ठेक्यावर पाय टाकत चालते. ठेका मंदावला की मोटर मंदावते. आणि ट्यूबलाईट? तीही त्याच तारेवर. तिचीही उघडझाप तेवढीच मंदावते. आरोपी आणि साक्षीदार दोघं एकाच घरचे. मग रेघा उभ्या दिसणार नाहीत तर काय! पेटी मात्र वीज खात नाही, हवा खाते. म्हणून ती खरं बोलली.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे फक्त आमच्या घरचं नाही?"

"नाही साहेब. आपल्या मुलखात ज्याच्या ज्याच्या घरी असं मशीन असन, त्याचं उतरलं असन. कोणाले समजलं नाही, बस."

"हिला समजलं," साहेब म्हणाले. "बघा मिस्त्री! पडल्या पडल्या हिला समजलं!" ते पलंगाशी गेले आणि बाईंच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाले, "तुझंच बरोबर होतं गं." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला तिकडे बघवेना. आनंद बघायची सवय मोडली होती आमची.

मग मी कामाला लागलो, आणि खरं सांगतो, त्या वर्षांत पहिल्यांदा मला दुकानात जावंसं वाटलं. मागच्या राशीत बॅटरीवर चालणारा एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता. त्याची मोटर काढली. ही मोटर विजेच्या ठेक्याची मिंधी नाही, आणि तिला एक पेच असतो. तो फिरवला की चाल हवी तेवढी कमी-जास्त करता येते. ती रेडिओग्रामच्या पोटात बसवायला फार कसरत पडली. तबकडी जड, मोटर लहान. पट्टा दोनदा घसरला. जुळणीच्या पट्ट्या मी स्वतः पत्रा कापून केल्या. शेजारी ट्रकची बॅटरी ठेवली. साहेब सारखे खेपा मारत होते. "होईल ना मिस्त्री?" "होईल साहेब, तुमी बसा ना जरा." "पांढरी सहा बरं का. काळी चार नाही." जणू आयुष्यभर पेटीच वाजवत आले होते.

सगळं जमलं त्या दिवशी सकाळी साहेबांनी बाईंना पातळ बदलून दिलं होतं, वेणी घालून दिली होती. वेणी वाकडी झाली होती. डावा हात पांघरुणावर नीट मांडला होता, बोटं मोकळी करून. साहेबांना पेटीचा भाता मारायला बसवलं, मी एका हातानं पांढरी सहा धरली, दुसऱ्या हातानं पेच फिरवत गेलो. झिंज्या उपटणं कमी होत होत थांबलं आणि दोन आवाजांचा एक आवाज झाला. धंद्यात असा क्षण आला की अंगावर काटा येतो. तेव्हाही आला.

मग पेटी बाजूला ठेवली आणि रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. मी तोवर त्या मधल्या भागाला रडगाणं समजत होतो. कोणाची तरी मयत घेऊन चालल्यासारखं वाटायचं. साहेबही त्याला 'दुःखाचं' म्हणायचे. पण चाल बरोबर झाली, सूर जागेवर आला, आणि ते दुःखाचं राहिलंच नाही. कामधंदा आटोपून एखादा माणूस संध्याकाळी एकटाच, आपल्या नादात घराकडे निघालाय, असं काहीतरी ते होतं. हलकं. बोटभर फरक असेल चालीत. तेवढ्यानं मयतीचा फेरफटका झाला. मी साहेबांकडे पाहून हसलो.

साहेब माझ्याकडे पाहत नव्हते. ते त्या हाताकडे पाहत होते. हात जागचा हलला नाही.

"सुमती," साहेब म्हणाले, "बरोबर आहे ना आता?"

बाई वरच्या पंख्याकडे बघत होत्या. डोळे उघडे होते, पण त्यांत ऐकणारं कोणी दिसत नव्हतं. मधला भाग संपला. साहेब म्हणाले, "परत लावा." परत लावला. मी आवाज वाढवला. मग कमी केला. सुई बदलली, काही कारण नसताना. साहेबांनी बाईंची बोटं आपल्या हातात घेऊन हळूच पांघरुणावर टेकवली, ठेक्यात, एक एक. सोडली तशी ती पडून राहिली. मला त्या खोलीत थांबवेना. मी हत्यारं गोळा केली, पेटी उचलली. साहेब दारापर्यंत आले. "सवय व्हायला वेळ लागेल," म्हणाले. "इतके दिवस चुकीचं ऐकलंय ना तिनं."

मी "हो जी" म्हणालो.

नंतर दोन-तीनदा त्या बाजूनं गेलो. रेकॉर्ड चालू असायची, पांढरी सहा, चोख. खिडकीतून खुर्ची दिसायची आणि खुर्चीत साहेब. मी आत गेलो नाही.

एका दुपारी ते दुकानात आले. दाढी वाढली होती. गिऱ्हाईक कोणी नव्हतंच. म्हणाले, "मिस्त्री, तो पेच परत फिरवून द्या."

"काहून साहेब? चढला का?"

"नाही. बरोबर आहे. पहिले होता तसा उतरवून द्या."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "साहेब, मी बिघडलेलं दुरुस्त करतो. चांगलं बिघडवत नाही." जरा जोरातच बोललो.

साहेब स्टुलावर बसले. बराच वेळ टेबलावरचा तारेचा तुकडा बोटांत धरून ओढत राहिले, कापसाचा पुंजका ओढतात तसा. मग म्हणाले, "मशीन बिघडलेलं होतं तोवर बरं होतं हो. ती ऐकतेय, तिला कळतंय, फक्त सूर चुकीचा आहे म्हणून ती गप्प आहे, असं होतं. सकाळी उठायला कारण होतं. आता मशीन बरोबर आहे. मग राहिलं कोण?"

इतकी वर्षं लोक माझ्याकडे बिघडलेलं आणत आले आणि मी ते बरोबर करून दिलं. त्यात माझा रुबाब होता, चार लोक हमीद मिस्त्री म्हणून ओळखत होते. बरोबर केल्यानं कोणाचं इतकं नुकसान होऊ शकतं, हे कधी मनातही आलं नव्हतं. "चला," म्हणालो.

बाई तशाच होत्या. साहेबांनी रेकॉर्ड लावली. मी झाकणाखाली हात घालून पेच फिरवला, थोडा थोडा. पेटीची गरज नव्हती. मला तो उतरलेला सूर पाठ होता. पियानो जड झाला, मागचा ताफा जड झाला, घराकडे निघालेला तो माणूस पुन्हा मयतीत जाऊन मिळाला. साहेब ऐकत होते. मी हात काढला तेव्हा त्यांनी मान हलवली, की बस, एवढंच.

मग ते पलंगाशी गेले, खाली वाकले आणि बाईंच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "अगं, मशीनच बिघडलंय. मिस्त्री आलेत ना, ते करतील दुरुस्त."